निनावी पैसा आणि नावानिशी निंदा

१९३४ सालच्या शरद ऋतूत लॉस एंजेलिस शहरातील ज्या गृहस्थाच्या उंबरठ्यावर रोज सकाळी 'लॉस एंजेलिस टाइम्स' येऊन पडत असे, त्याच्या दृष्टीस पहिल्याच पानावर रेघांनी आखलेली एक लहानशी चौकट पडे. त्या चौकटीत विवाहसंस्थेविषयी, धर्मपीठांविषयी किंवा असल्याच एखाद्या नाजूक विषयावर दोन-चार तिखट वाक्ये आणि ती ज्याच्या लेखणीतून उतरली त्या अप्टन सिंक्लेअरचे नाव, एवढाच काय तो ऐवज असे. सुमारे सहा आठवडे हा परिपाठ चालला. वाचकाने कॉफीचा पेला खाली ठेवावा आणि असल्या माणसाच्या स्वाधीन आपले राज्य करावयाचे की काय, असा प्रश्न मनाशी विचारावा, एवढीच त्या चौकटीची अपेक्षा होती, आणि ती बहुधा सफळ होत असे. त्या वाक्यांपैकी कित्येक सिंक्लेअरच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची होती, ही गोष्ट मात्र चौकटीत कोठेच सांगितलेली नसे. नाटकातल्या खलपुरुषाचे भाषण उचलून ते नाटककाराचा कबुलीजबाब म्हणून कोर्टात दाखल करावे, तशातला तो प्रकार होता.

निवडणूक होती कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदाची. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालासारखा वरून नेमलेला नसतो. त्याला राज्यातील मतदार थेट निवडून देतात आणि राज्यकारभाराची खरीखुरी सूत्रे त्याच्याच हाती असतात. त्या पदासाठी उभा राहिलेला सिंक्लेअर हा मूळचा लेखक. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांतील मजुरांची दैना वर्णन करणारी त्याची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली, आणि लेखकाने मजुरांसाठी लिहिलेले ते पुस्तक वाचून देश हळहळला तो मात्र आपल्या ताटात येणाऱ्या मांसाच्या चिंतेने. त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा आणि अन्नशुद्धीचा असे दोन कायदे अमेरिकन काँग्रेसने संमत केले. समाजवादी पक्षातर्फे तो कॅलिफोर्नियात पूर्वीही उभा राहिला होता आणि प्रत्येक वेळी पडला होता. १९३३ च्या सप्टेंबरात त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारयादीत नाव घातले आणि एक छोटेखानी पुस्तिका लिहिली, जिचे शीर्षक मराठीत 'मी, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, आणि मी दारिद्र्य कसे संपविले' असे काहीसे होईल. जे अजून घडावयाचे आहे ते घडून गेले आहे असे समजून लिहिलेला हा भविष्याचा इतिहास होता. बंद पडलेले कारखाने आणि पडीक जमिनी राज्याने ताब्यात घ्याव्यात, बेकारांनी तेथे स्वतःच्या उपयोगासाठी उत्पादन करावे, साठी उलटलेल्या गरजू वृद्धांस दरमहा ५० डॉलर द्यावेत, विक्रीकर उठवावा आणि त्याच्या जागी चढत्या दराचा प्राप्तिकर व वारसाकर बसवावा, अशी ती योजना होती. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला 'एपिक' असे नाव मिळाले. देशातील कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा महामंदीने बेकार केला होता अशा त्या काळात गावोगाव एपिक मंडळे निघाली, योजनेचे स्वतःचे वृत्तपत्र लक्षावधी प्रतींनी खपू लागले, आणि २८ ऑगस्ट १९३४ रोजी पक्षांतर्गत निवडणुकीत सुमारे ४,३६,००० मते मिळवून सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षाचा अधिकृत उमेदवार झाला. त्याच्याविरुद्ध हरलेल्यांत पहिल्या महायुद्धातील सरकारी प्रचारखात्याचा प्रमुख जॉर्ज क्रील हाही होता. लोकमत कसे घडवावे हे ज्याने साऱ्या राष्ट्राला शिकविले, तो एका कादंबरीकाराकडून हरला.

आता ज्यांच्या गंगाजळीवर या योजनेचा डोळा होता, त्यांची अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. रेल्वे, तेल, वीज, फळबागा, बँका, स्थावर मालमत्ता, चित्रपटनिर्मिती या धंद्यांतील धुरिणांना सिंक्लेअर नको होता याचे कारण सरळ आहे: त्याच्या करांचा बोजा त्यांच्यावर पडणार होता आणि त्याच्या कारखान्यांचा माल त्यांच्या मालाशी स्पर्धा करणार होता. परंतु हे कारण मतदारापुढे मांडण्याची सोय नव्हती. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे त्याच्यापुढे उभे राहून, 'आम्हांस कर भरावा लागेल, तेव्हा आमच्यावर दया करून याला पाडा,' असे म्हणण्याची छाती कोणाची होणार? पैशाजवळ बळ होते, परंतु स्वतःच्या नावाने मत मागण्यास त्याला तोंड नव्हते. ते तोंड भाड्याने मिळवून देण्याचा उद्योग नेमका त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जन्मास आला होता.

या उद्योगाचे नाव 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड', आणि तो काढणारे दोघे: क्लेम व्हिटेकर हा सॅक्रामेंटोचा वृत्तपत्रव्यवसायी आणि लिओन बॅक्स्टर ही रेडिंग या लहानशा गावच्या व्यापारीसंघाचे काम पाहणारी तरुण विधवा. १९३३ साली एका सार्वमताच्या प्रचारात दोघे एकत्र आली, पुढे १९३८ साली विवाहबद्ध झाली, आणि मोबदला घेऊन निवडणुकीची संपूर्ण मोहीम चालविणारी अमेरिकेतील पहिली पेढी म्हणून इतिहासात नोंदली गेली. असला धंदा न्यूयॉर्कमध्ये किंवा शिकागोत न निघता कॅलिफोर्नियातच का निघावा, याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. तेथे १९११ च्या सुमारास हायरम जॉन्सन या सुधारक गव्हर्नराने, रेल्वेकंपनीच्या मुठीतून राज्य सोडविण्यासाठी, कायद्याचा प्रस्ताव मतदारांनी स्वतः मांडण्याचा, सार्वमताचा आणि निवडून दिलेल्यास परत बोलावण्याचा हक्क जनतेस दिला. लवकरच एकाच उमेदवाराने दोन-दोन पक्षांच्या प्राथमिक निवडणुका लढविण्याची मुभाही मिळाली. यामुळे पक्षांचे जुने सुभेदार, ज्यांच्याकडे वॉर्डावॉर्डातील मतांची फडनिशी असे, ते निस्तेज झाले. हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. परंतु मतदारांपर्यंत पोहोचण्याचे काम काही कमी झाले नाही, उलट दर वर्षी नव्या प्रस्तावांनी ते वाढतच गेले. आणि सुधारणेने रिकाम्या केलेल्या गादीवर, पक्षाशी निष्ठा नसलेला, ज्याची सुपारी त्याची बाजू असे मानणारा धंदेवाईक मक्तेदार येऊन बसला. पूर्वीचा सुभेदार निदान गल्लीत राहत असे व निवडणुकीनंतरही त्याचे दार ठोठावता येई.

व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांच्या हाती १९३४ साली नायब गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराची मोहीम होती, आणि तिच्या जोडीला 'सिंक्लेअरवादविरोधी कॅलिफोर्निया संघ' या नावाने निघालेल्या संस्थेचे काम. नाव पाहा: त्यात बँक नाही, रेल्वे नाही, तेल नाही, आहे ते राज्य आणि त्याच्यावर आलेले संकट. दोघांनी प्रथम काय केले, तर सिंक्लेअरची सारी पुस्तके गोळा करून तीन दिवस स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि त्या चाळीसहून अधिक ग्रंथांतून खटकतील अशी वाक्ये वेचून काढली. वृत्तपत्रांतील चौकटींस खाद्य मिळाले ते या शोधातून. पतीच्या मनात विवाहाविषयी आलेली निराशा, धर्मोपदेशकांच्या लोभीपणावर एखाद्या पात्राने झाडलेले ताशेरे, असे सारे संदर्भापासून तोडून लेखकाच्या पदरी बांधण्यात आले. ती अवतरणे अप्रस्तुत होती हे बॅक्स्टरबाईंनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आणि त्याला गव्हर्नर होऊ द्यावयाचे नाही एवढेच आपले साध्य होते असेही सांगितले. सिंक्लेअर हरला तो त्याने पुस्तके लिहिली होती म्हणून, असा व्हिटेकरचा निष्कर्ष. लेखकमंडळींनी निवडणुकीस उभे राहण्यापूर्वी या वाक्याचा विचार अवश्य करावा.

वृत्तपत्रांच्या जोडीला इतर साधनेही कामास लागली. लॉर्ड अँड टॉमस ही जाहिरातीची बडी पेढी. तिच्या पश्चिम किनाऱ्यावरील शाखेने कॅलिफोर्नियाची संत्री साऱ्या अमेरिकेच्या न्याहारीत नेऊन बसविली होती. आता तिच्याकडे संत्र्याऐवजी भीती विकण्याचे काम आले आणि तिने आकाशवाणीवर छोट्या नाट्यमालिका सुरू केल्या, ज्यांत एखादे साधेसुधे कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसून, सिंक्लेअर निवडून आला तर आपल्या घराचे, मुलांच्या शाळेचे, देवळाचे काय होईल याची चिंता करीत असे. लाल रंगाच्या खोट्या नोटा छापून वाटण्यात आल्या, ज्यांवर सिंक्लेअरच्या नावाची मोडतोड करून तो लबाड असल्याचे सुचविलेले असे आणि ही नोट कॅलिफोर्नियात किंवा रशियात तेवढी चालेल, असा विनोदही. विनोद बरा होता हे कबूल केले पाहिजे; आणि त्यातच त्याचे सामर्थ्य होते, कारण युक्तिवादाचे खंडन करता येते, परंतु हशाचे खंडन कोण कसे करणार?

सर्वांत नवे साधन म्हणजे चित्रपट. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेचा प्रमुख लुई मेयर हा राज्यातील रिपब्लिकन पक्षाचा एक आधारस्तंभ होता, आणि बेकार नटांना व कारागिरांना घेऊन राज्याने स्वतः चित्रपट काढावेत अशी कल्पना सिंक्लेअरने बोलून दाखविली होती. तेव्हा वैर येथे दुहेरी होते. स्टुडिओंतील नोकरांकडून, लेखक-नटांपासून थेट हमालांपर्यंत, एका दिवसाचे वेतन रिपब्लिकन उमेदवार फ्रँक मेरियमच्या निधीसाठी कापून घेण्यात आले. वेठीची ही वर्गणी न देणारे थोडेच निघाले. त्याच संस्थेचा तरुण व बुद्धिमान निर्माता आयर्व्हिंग थालबर्ग याच्या देखरेखीखाली 'कॅलिफोर्निया इलेक्शन न्यूज' या नावाचे तीन लघुपट तयार झाले आणि राज्यभरच्या चित्रगृहांत फुकट दाखविले गेले. वृत्तपटाचा आव आणणाऱ्या या चित्रांत एक छायाचित्रकार रस्त्यावरील माणसांना मत विचारीत हिंडतो. नीटनेटक्या वेषातील, सभ्य बोलणारी माणसे मेरियमच्या बाजूची निघतात. विस्कटलेल्या केसांची, परदेशी उच्चारांची, भ्रमिष्ट वाटणारी माणसे सिंक्लेअरच्या. निवड कोणाची आणि कोणत्या हिशेबाने, हे प्रेक्षकाला अंधारात कसे कळावे? तो तर बातमी पाहत होता.

तिसऱ्या चित्रात मालगाड्यांवरून भणंगांचे तांडेच्या तांडे कॅलिफोर्नियाकडे येताना दाखविले होते. याचे मूळ सिंक्लेअरच्याच एका थट्टेत होते: आपण निवडून आलो तर देशातील निम्मे बेकार पहिली मालगाडी पकडून इकडे येतील, असे तो गमतीने म्हणून गेला होता. उमेदवाराने थट्टा करू नये. केलीच तर ती छापण्याजोगी असू नये. एका वृत्तपत्राने या टोळधाडीचा पुरावा म्हणून जे छायाचित्र छापले, ते आदल्याच वर्षी निघालेल्या 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' या कथाचित्रपटातील दृश्य होते. त्या लघुपटांमागे आपला हात असल्याचे थालबर्गने नंतर एका मेजवानीत सांगितले आणि राजकारणात अन्याय्य असे काही नसतेच, अशी त्यावर मल्लिनाथीही केली.

डेमोक्रॅटिक पक्षाचाच असलेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हा सिंक्लेअरला सप्टेंबरात प्रेमाने भेटला, आणि मग शेवटपर्यंत मौन धरून बसला. ६ नोव्हेंबरला मतदान झाले. मेरियमला सुमारे ११ लाख ३९ हजार, सिंक्लेअरला ८ लाख ८० हजार आणि तिसऱ्या उमेदवाराला ३ लाखांवर मते पडली. पराभव मोठा खरा, परंतु एवढा भडिमार सोसूनही पावणेनऊ लाख माणसे हटली नाहीत, हेही विसरून चालणार नाही. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, राज्याच्या रित्या तिजोरीकडे पाहून मेरियमच्या राजवटीने कॅलिफोर्नियात प्राप्तिकर बसविला. ज्या करापासून वाचण्यासाठी पैशाने एवढा खटाटोप केला, तो कर त्याच्याच माणसाने वसूल केला. मात्र विवाहसंस्था आणि देवळे सुरक्षित राहिली.

या प्रकरणाचा विचार करताना मला राहून राहून असे वाटते की प्रतिकूल प्रचाराची मीमांसा करणारे बहुधा निंदेवरच दृष्टी खिळवून बसतात आणि पैशाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडतात. वस्तुतः वही एकच आहे. ज्याला काही मिळवावयाचे आहे तो उमेदवार स्वतःविषयी बोलू शकतो, परंतु ज्याला स्वतःविषयी बोलणे परवडत नाही त्याला दुसऱ्याविषयीच बोलावे लागते. म्हणून जाहिरात कशाविषयी आहे एवढ्यावरून पैसा कशासाठी आला हे कधीच कळत नाही. व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांना हे पूर्णपणे उमगले होते. सामान्य माणसाला शिकण्याची हौस नसते, त्याला कुस्ती दाखवा, नाही तर तमाशा दाखवा. बचाव करीत बसू नका, हल्ला करा. प्रतिस्पर्धी नसेल तर कल्पून उभा करा. समजावून सांगू नका, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा. आणि खर्चाची तीन चतुर्थांश रक्कम शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा, असे त्यांचे नियम होते. १९४५ साली गव्हर्नर अर्ल वॉरन याने राज्यात सक्तीच्या आरोग्यविम्याचे विधेयक आणले, तेव्हा डॉक्टरांच्या संघाने याच दांपत्याला पाचारण केले. डॉक्टरांना आपल्या मिळकतीची काळजी होती. प्रचार झाला तो रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये सरकारी कारकून येऊन बसेल याचा. विधेयक विधानसभेत एका मताने पडले. गंमत अशी की या वॉरनलाच १९४२ साली गव्हर्नरपदी निवडून आणण्याचे काम त्यांनीच केले होते.

सिंक्लेअरच्या त्या निवडणुकीनंतर सत्तर वर्षांनी याच रीतीची आणखी एक गोष्ट घडली. पश्चिम व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे राज्य. तेथे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही मतदार निवडून देत. २००२ साली मॅसी एनर्जी या कोळसाकंपनीविरुद्ध एका लहान खाणमालकाने लावलेल्या दाव्यात ज्यूरीने ५ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होते, आणि २००४ साली तेथील एका जागेची निवडणूक होती. कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकेनशिप याने त्या निवडणुकीत स्वतःचे सुमारे ३० लाख डॉलर ओतले, पण उमेदवाराच्या हाती दिले ते फक्त १,०००. बाकीच्यांतील मोठा भाग गेला 'आणि मुलांसाठी' अशा अर्थाचे कोवळे नाव धारण केलेल्या एका संस्थेकडे. तिच्या जाहिरातींत कोळसा नव्हता, करार नव्हता, ५ कोटी तर नव्हतेच. होते ते एवढेच की विद्यमान न्यायमूर्ती वॉरन मॅग्रॉ यांच्या मताने बालकांवर अत्याचार करणारा एक गुन्हेगार मोकळा सुटला. मॅग्रॉ पडले, ब्रेंट बेंजामिन निवडून आले, आणि कंपनीच्या अपिलातून बाजूला होण्यास त्यांनी नकार दिला. २००७ साली ३ विरुद्ध २ अशा मतांनी तो भरपाईचा निवाडा रद्द झाला. त्या तिघांत बेंजामिन होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की अशा न्यायाधीशाने त्या खटल्यात बसणे हे न्यायोचित प्रक्रियेच्या हमीचा भंग करणारे आहे. खटला परत गेला, बेंजामिन यांच्याविना पुन्हा ऐकला गेला, आणि वर्ष संपण्यापूर्वी कंपनीच पुन्हा जिंकली, ही त्या कैफियतीची शेवटची ओळ.

न्यायाधीशाच्या बाबतीत न्यायालयास जे दिसले, ते विधिमंडळाच्या किंवा गव्हर्नराच्या बाबतीत दिसले नाही. निवडणुकीत पैसा खर्चणे हा भाषणस्वातंत्र्याचा भाग होय, तेव्हा त्या खर्चावर मर्यादा घालता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच म्हटले होते. जानेवारी २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निवाड्याने, उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेल्या खर्चाची ती सनद कंपन्यांनाही मिळाली. त्याचा तडाखा राज्यांच्या कायद्यांना बसला. मोंटाना राज्यात तांब्याच्या खाणींचे सम्राट विधिमंडळ विकत घेत, आणि त्या अनुभवाने पोळलेल्या मतदारांनी १९१२ साली स्वतःच्या मतांनी कंपन्यांचा पैसा निवडणुकीतून हद्दपार करणारा कायदा केला होता. बरोबर शंभर वर्षांनी, २०१२ साली, तो रद्दबातल ठरला.

येथे एका शंकेची दखल घेणे प्रामाणिकपणाचे होईल. या निंदेचा खरोखर उपयोग होतो काय? १९९५ साली अन्सोलाबेहेअर आणि अय्यंगार या दोन राज्यशास्त्रज्ञांनी, योगायोगाने कॅलिफोर्नियातच केलेल्या प्रयोगांवरून असा निष्कर्ष काढला की निंदेच्या जाहिराती पाहून माणूस दुसऱ्या पक्षाकडे वळतो असे नाही, तर मतदानालाच कंटाळतो, आणि कंटाळणाऱ्यांत कोणत्याच पक्षाला न बांधलेले अधिक असतात. २००७ साली अशा शंभरावर अभ्यासांचा एकत्रित ताळा घेणाऱ्या संशोधकांना मात्र मतदान घटते याचाही भक्कम पुरावा मिळाला नाही आणि निंदकाला खात्रीने फायदा होतो याचाही नाही. निंदा अधिक लक्षात राहते, एवढेच निर्विवाद. माझ्या मते यात आश्चर्य नाही. सरासरी काढली की उभय पक्षांची निंदा परस्परांस छेद देऊन जाते. १९३४ सालची कॅलिफोर्निया ही सरासरी नव्हती. तेथे एका पारड्यात साऱ्या मोठ्या वृत्तपत्रांचे, आकाशवाणीचे आणि रुपेरी पडद्याचे वजन होते, आणि दुसऱ्यात गल्लीगल्लीत वाटली जाणारी पत्रके.

निंदा ही काही परक्या मुलखातून आलेली वस्तू नव्हे, आणि तिच्या नावाने आपण सोवळे नेसून बसण्याचेही कारण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी १९५६ साली 'मराठा' दैनिक काढले आणि त्यातून प्रतिपक्षावर ज्या शब्दांचा वर्षाव केला, त्यांच्यापुढे व्हिटेकर-दांपत्याची चौकट मुळमुळीतच वाटेल. परंतु अत्र्यांच्या प्रत्येक शिवीखाली अत्र्यांची सही असे. ज्याला राग आला तो त्यांच्यावर फिर्याद लावी, त्यांच्या सभेत गोंधळ घालू शके, आणि त्यांना काय हवे आहे याविषयी तर मुंबईतील शेंबड्या पोरालाही संशय नव्हता. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे असे जे कलम आहे, त्याचे मर्म हेच. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधान हा त्याच कायद्याने भ्रष्टाचार ठरविला आहे. निंदेला नाव असावे, एवढी व्यवस्था झाली. पैशाच्या नावाचे काय, हा प्रश्न मुंबईतच उभा राहिला.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा आपल्या घटनापत्रात घालून घेण्यासाठी परवानगी मागितली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. तत्कालीन कायद्यात नकार देण्यास आधार नसल्याने परवानगी देणे त्यांस भाग पडले, परंतु ही प्रथा वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळील, असा धोका त्यांनी निकालपत्रात स्पष्ट शब्दांत नोंदविला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचविले. संसदेने विचार केला, आणि पुष्कळ वेळा केला. १९६० साली कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली व त्या हिशेबात दाखविणे आवश्यक झाले. १९६९ साली त्यांवर संपूर्ण बंदी आली. १९८५ साली ती उठली. २०१३ च्या कायद्याने मर्यादा सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर नेली. २०१७ साली मर्यादाच गेली आणि कोणत्या पक्षास किती दिले हे सांगण्याचे बंधनही गेले. मधल्या काळात, १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खाती धरला पाहिजे, आणि त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून त्या निवाड्यातील हवा काढून घेतली. आज महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराने ४० लाखांपेक्षा अधिक खर्च करावयाचा नाही असा दंडक आहे. पक्षाने सर्वसाधारण प्रचारासाठी किती करावा याला दंडक नाही. आपल्या उमेदवारांच्या खर्चाच्या वह्या एवढ्या सोज्ज्वळ का असतात, याचा उलगडा येथे होतो.

२०१८ पासून विकले गेलेले निवडणूक रोखे हा या प्रवासातील अखेरचा मुक्काम. देणगीदाराने स्टेट बँकेतून रोखा घ्यावा, पक्षाने तो वटवावा, आणि कोणी कोणास दिला हे मतदारास कळू नये, अशी ती योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने घटनाबाह्य ठरविली. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने रोखे विकत घेणाऱ्यांची एक आणि ते वटविणाऱ्यांची एक अशा दोन याद्या प्रसिद्ध केल्या. परंतु दोहोंना जोडणारा धागा नसल्याने त्या दोन वेगवेगळ्या गावच्या मतदारयाद्यांसारख्या नुसत्या शेजारी पडून राहिल्या. न्यायालयाने पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा क्रमांक बाहेर आला आणि देणारा व घेणारा यांची गाठ पडली. तो क्रमांक प्रत्येक रोख्यावर पहिल्या दिवसापासून छापलेला होता. मात्र साध्या डोळ्यांना तो दिसत नसे, अतिनील प्रकाशात कागद धरला म्हणजेच उमटे.